बशीच्या बुडाखालचं गाव

बशी धुतली की ती उलटी करून बघायची मला खोड आहे. घरात जुनी विलायती बशी एकच उरलीय, कडेचा टवका उडालेली. बुडाला फिकट अक्षरांत छाप आहे : बर्स्लेम, इंग्लंड. स्टोक-ऑन-ट्रेंटमधलं हे कपबश्यांचं गाव. माझ्या लेखी मात्र रॉय स्प्रोसनचं.

हा कोण, असं तुम्ही विचारणारच. बर्स्लेमच्या पोर्ट व्हेल या फुटबॉल क्लबचा (व्हेल म्हणजे मासा नव्हे, खोरं) बचावपटू. १९५० ते १९७२ एकाच क्लबकडून इंग्लिश लीगचे ७६० सामने. विसाव्या शतकात एका क्लबसाठी याहून जास्त खेळलेले दोघंच, स्विंडनचा जॉन ट्रोलप (७७०) आणि पोर्ट्समथचा जिमी डिकिन्सन (७६४). डिकिन्सनला गाठायला चारच कमी पडले, याची हळहळ त्याच्यापेक्षा मलाच जास्त असावी.

१९५३-५४चा मोसम तर मला पाठ आहे. तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात व्हेलनं ४६ सामन्यांत खाल्ले फक्त २१ गोल. तीस सामन्यांत एकही नाही. लोक त्या बचावफळीला पोलादी पडदा म्हणत. मॅनेजरचं आडनावही स्टीलच, त्यामुळे कोटी करणाऱ्यांची सोय झाली. पण त्या तीस सामन्यांबद्दल सांगणार काय? गोल मारणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. पावसाळाभर न गळलेल्या कौलांची आठवण कोण काढतो?

एकदा मात्र सगळ्यांना दखल घ्यावी लागली. फेब्रुवारी १९५४, एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली हरला तो बाद अशी स्पर्धा. आदल्या वर्षीचा विजेता ब्लॅकपूल व्हेलच्या मैदानावर, व्हेल पार्कवर आला, उजव्या बगलेला इंग्लंडचा गाजलेला खेळाडू, साक्षात स्टॅन्ली मॅथ्यूज. स्प्रोसन खेळायचा डावीकडे, म्हणजे गाठ त्याच्याशीच. व्हेल २-० जिंकलं. पुढे उपांत्य सामन्यात वेस्ट ब्रॉमकडून २-१ हरलं, आणि निर्णायक पेनल्टी मारली रॉनी ॲलननं, जो चार वर्षांपूर्वीपर्यंत व्हेलमध्येच होता! घरचं मांजर, दुसरं काय.

मग क्लब घसरला. चौथ्या डिव्हिजनपर्यंत गेला, वर आला, पुन्हा खाली. १९६८ मध्ये नियमबाह्य पैसे दिल्याबद्दल लीगनं काढून टाकलं आणि लगेच मतदानानं परत घेतलं. तेव्हा मॅनेजर होता मॅथ्यूज. तोच, ज्याला चौदा वर्षांपूर्वी चिखलात अडवलं होतं. स्प्रोसन अजून खेळतच होता. १९७० मध्ये क्लब पुन्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये चढला, तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

मी बशी पालथी घालते. त्या फेब्रुवारीचा विषय मॅथ्यूजनं काढला असेल की स्प्रोसननं? मला वाटतं, मॅथ्यूजनंच. स्प्रोसन आपला बुटांच्या नाड्या बांधत बसला असेल.