मोहरी किती ठेवू?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घरांत पेट्या उघडतात. पावसाने कुबट झालेले कपडे वाऱ्याला टाकताना एखादी सत्तरच्या दशकातली बेलबॉटम निघतेच. हल्ली ती पुन्हा पेटीत जात नाही, नातू पळवतो. ज्यांच्या पेटीत नाही ते साधी पॅन्ट घेऊन शिंप्याकडे जातात. शिंपी विचारतो, ‘मोहरी किती ठेवू?’ मोहरी म्हणजे पॅन्टच्या पायाचा खालचा घेर. गिऱ्हाईक ऐटीत 30 इंच सांगून मोकळं होतं.

आधी बोलायला हवं ते गुडघ्याबद्दल. बेलबॉटमचा सगळा डौल गुडघा आणि मोहरी यांच्यातल्या फरकात आहे. गुडघा 18 इंच असेल तर मोहरी 24 पुरे. घेर गुडघ्याखालून लगेच सुटावा. पोटरीपासून सुटला तर पायात बादली अडकल्यासारखी दिसते.

साधी पॅन्ट रुंद करायची तर दोन्ही बाजूंच्या शिवणी मोहरीपासून गुडघ्याखालपर्यंत उसवून प्रत्येकीत एक तिकोनी कळी बसवावी. 6 इंच वाढवायचे तर कळीचा पाया 4 इंच: 3 घेराचे, अर्धा-अर्धा शिवणीत जाणारा. काम वाचवायला फक्त बाहेरच्या शिवणीत कळी घातली की पाय एका बाजूला लोंबतो. कापडाचा उभा धागा कळीच्या बरोबर मधून जायला हवा. तो एका कडेला गेला, तर दुसरी कड उरेब (तिरकी) पडून ताणली जाते आणि धुतल्यावर मोहरी फिरते. सुती कळी आधी धुऊन आटवून घ्यावी. शिवल्यावर पॅन्ट रात्रभर टांगून ठेवावी आणि मगच मोहरी दुमडावी. घाई नडते ती नेमकी इथे.

रंग जुळवायच्या भानगडीत मात्र पडू नये. विटलेल्या कापडाला नवं कापड कधीच जुळत नाही. त्यापेक्षा सरळ फुलाफुलांचं लावावं. हिप्पींच्या जीन्सना अशीच ठिगळं शोभायची.

पेटीतली अस्सल पॅन्ट बहुधा टेरिकॉटची. तिच्यावर इस्त्री थेट फिरवली तर कापड चकाकतं, म्हणून वर ओलसर सुती फडकं हवं. मोहरी झिजू नये म्हणून तिच्या काठाला पितळी चेन शिवायची तेव्हा पद्धत होती. खाऱ्या हवेत ती हिरवी पडते. लिंबू-मीठ चोळून लगेच धुवावी, नाहीतर डाग कापडावर उतरतो.

लांबी मोजायची ती घालायचे तेच बूट चढवून, जमिनीपासून अर्धा इंच वर. चप्पल घातली की हा हिशोब बिघडतो आणि तांबडी माती मोहरीला चढते. ती ओली असताना चोळू नये, वाळल्यावर ब्रशने झाडावी. नाहीतर पाऊस दिसताच पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर दुमडावी. हा वेश मुळात खलाशांचा, डेक धुताना पटकन वर सारता यावा म्हणून सैल, असं सांगतात. तारवट्यांच्या, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांच्या, गोव्यात हे वेगळं शिकवायला नको. आजच्या पायाला चिकटलेल्या जीन्स तेवढ्या वर जातच नाहीत.