बुटकेच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाचा विचारतो, दुकानात टेकणारी कॉलेजची पोरंही विचारतात, "ओ काका, टॉल्किनच्या गोष्टींतले एवढे देखणे, न मरणारे एल्फ सोडून तुम्हाला ते दाढीवाले बुटकेच का आवडतात?"

मी कोल्हापुरातल्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, कारागीर. कोल्हापुरी साजाची २१ पानं घडवायची म्हणजे पत्र्यावर ठसा उठवायचा, आतल्या पोकळीत लाख भरायची, मग जवमण्यांबरोबर एकेक पान गाठवायचं. आठ दिवस हाताखाली असलेला साज गिऱ्हाईक घेऊन जातं तेव्हा अजूनही जिवाला चुटपुट लागते. टॉल्किनचे बुटके असेच आहेत. डोंगर पोखरतात, ठोकतात, घडवतात, आणि घडवलेलं त्यांना सोडवत नाही. पहिल्यांदा 'द हॉबिट' वाचलं तेव्हा वाटलं, ही तर आपल्या गल्लीतली माणसं!

पण खरं कारण वेगळं आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. पाणी ती ओलांडून कितीतरी वर चढलं होतं. आमच्या घरापर्यंत ते आलं नाही. शाहूपुरीतलं एक ओळखीचं कुटुंब, लहान पोरांसकट, अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडं आलं. माझ्या वडिलांच्या आजारपणात याच घरातून आम्हाला दोन वेळचा डबा यायचा. रात्री गारठा होता. बायको हळूच म्हणाली, "अहो, ट्रंकेतल्या नव्या चादरी काढू का?" सोलापुरी, चार, लेकीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या. मी म्हटलं, "असू देत. लागतील पुढं." जुन्या वाकळा दिल्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

पुढं पावसाळा सरल्यावर तेच पुस्तक पुन्हा हातात घेतलं. ड्रॅगननं तळ्यावरचं गाव जाळलंय, लोक उघड्यावर पडलेत. याच लोकांनी थोरिनला, बुटक्यांच्या म्होरक्याला, अडचणीत खाऊ घातलं होतं, होड्या दिल्या होत्या. आता ते त्याच्या डोंगराच्या दाराशी वाटा मागायला आलेत, आणि तो दार चिणून आत सोन्यावर बसलाय. तो दुष्ट नाही हो. शूर आहे, आपल्या माणसांसाठी जीव टाकणारा आहे. म्हणूनच मला पुढं वाचवेना. पुस्तक मिटलं आणि ट्रंकेकडं बघत बसलो. माझ्याकडं डोंगर नव्हता, चार चादरी होत्या.

एल्फही चुकतात, पण त्यांच्या चुका राजघराण्यांच्या. त्यात मी कुठंच दिसत नाही. थोरिनची चूक माझ्या घरात मावते. मरताना तो आपल्या सोबत्याजवळ, बिल्बोजवळ, दाराशी बोललेले शब्द मागे घेतो. मला त्या कुटुंबाजवळ तेवढंही बोलायला जमलं नव्हतं.

जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तीच माणसं पुन्हा दारात. या खेपेला ट्रंक मी स्वतः उघडली. दोन चादरींना घडीवर कसर लागली होती. चारही झटकल्या आणि पोरांच्या अंगावर घातल्या. वहिनींनी चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नव्या दिसतात की हो!"

मी मान हलवली. दोन वर्षांपूर्वीचं तेव्हा सांगितलं.