फळा की बेड? मास्टर्सचा फॉर्म भरण्याआधी

पाच-सात वर्षं आयसीयूत ड्युटी केलेल्या सिस्टर-ब्रदरना 'मास्टर्स करायचंय' असं वाटू लागतं, तेव्हा आधी ठरवायचं ते एकच. दोन वर्षांनी उभं कुठं राहायचंय, फळ्यासमोर की बेडजवळ? एम.एस्सी. नर्सिंग आणि नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हे दोन्ही कोर्स दोन वर्षांचे. बी.एस्सी. दोन्हींना लागते. गल्लत होते ती इथेच.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन हा अख्खा पेपर आहे. लेसन प्लॅन, प्रश्नपत्रिकेची ब्ल्यूप्रिंट, सगळं. जोडीला रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. प्रवेशावेळी मेडिकल-सर्जिकल, बाल, प्रसूती, मानसिक किंवा सामुदायिक आरोग्य यांतलं एक स्पेशलायझेशन घ्यायचं. मेडिकल-सर्जिकल घेतलंत तर कार्डिअ‍ॅक, न्यूरो, ऑन्कॉलॉजी अशी उपशाखा येते ती दुसऱ्या वर्षी. 'कार्डिअ‍ॅक करायला आलो आणि वर्षभर लेसन प्लॅनच लिहितोय' ही तक्रार दर बॅचला असते, आणि चूक अभ्यासक्रमाची नसते. हा कोर्स मुख्यतः शिक्षक आणि प्रशासक घडवतो. ट्यूटरची नोकरी हवी असेल तर उत्तमच.

नर्स प्रॅक्टिशनर ही रेसिडेन्सी आहे, म्हणजे हॉस्पिटलमध्ये काम करत करतच शिकायचं. भारतीय नर्सिंग परिषदेच्या अभ्यासक्रमात साधारण २० टक्के थिअरी आणि ८० टक्के क्लिनिकल. पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आणि तपासणी, तिन्ही 'अ‍ॅडव्हान्स्ड'. हे अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे काय, ते व्हेंटिलेटरच्या एका अलार्मवरून कळेल. हाय प्रेशरचा अलार्म वाजला की आपला हात सवयीने सक्शनकडे (ट्यूबमधला स्राव ओढून काढण्याकडे) जातो. इथे तुम्हाला आधी इन्स्पिरेटरी होल्ड द्यायला लावतात, म्हणजे श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखायचा. हवा आत जातानाचं सर्वाधिक प्रेशर ते पीक, रोखल्यावर उरतं ते प्लॅटो. पीक ४२ आणि प्लॅटो १८ आला तर अडथळा हवेच्या वाटेत आहे: स्राव, ट्यूब चावलेली किंवा वाकलेली, नाहीतर ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनलिका आवळणं). प्लॅटोही ३६ असेल तर फुफ्फुसच ताठ झालंय किंवा बाहेरून दाबलं जातंय. न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा), पल्मनरी एडिमा (फुफ्फुसात साठलेलं पाणी). तिथे सक्शन करत बसलात तर वेळही जातो आणि सॅच्युरेशनही. प्रेशर वाढलंय, बीपी कोसळतंय आणि एका बाजूला हवाच जात नाहीये, असं दिसलं तर आकडे मोजत न बसता डॉक्टरांना हाक मारायची. तोंडी परीक्षेत विचारतात ते हेच 'का?'.

औषधं आणि तपासण्यांबाबतचा अधिकार मात्र संस्थेच्या प्रोटोकॉलपुरताच राहतो. पदवी मिळाली म्हणून स्वतंत्र प्रिस्क्रिप्शन लिहिता येईल, या भ्रमात राहू नका.

पात्रतेचं थोडक्यात: बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला ५५ टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि चालू नोंदणी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असाल तर आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., किंवा सरळ एक वर्षाचा स्पेशालिटीचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. बेडजवळच काम करत राहणाऱ्यांसाठी हा डिप्लोमा बरा पर्याय आहे, उगाच दुय्यम मानला जातो. अनुभवपत्रावर 'स्टाफ नर्स' एवढंच नको. विभाग आणि रुजू-कार्यमुक्तीच्या तारखा लिहून घ्या. नोकरी सोडल्यावर एचआरच्या मागे लागणं म्हणजे काय, ते सोडून गेलेल्यांना विचारा. परराज्यात नोंदणी असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडचं नोंदणीचं काम आधी हातात घ्या. पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठं आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचा प्रवेशाचा मार्ग वेगळा, म्हणून एक फॉर्म भरून निवांत बसू नका.

एम.एस्सी. रखडते ती प्रबंधावर. 'नियोजित शिक्षण कार्यक्रमाची ज्ञानावरील परिणामकारकता' हा विषय इतका घासून गुळगुळीत झालाय की परीक्षक शीर्षक वाचूनच चहा मागवत असतील. वेगळा विषय घ्याल तर सिनॉप्सिसआधी (प्रबंधाच्या आराखड्याआधी) वॉर्डचं रजिस्टर मोजा. समजा व्हेंटिलेटरवरचे ६० रुग्ण हवेत. दहा बेडच्या आयसीयूत एका वेळी पाच जण व्हेंटवर आणि प्रत्येक जण सरासरी सात दिवस, म्हणजे चार आठवड्यांत नवे रुग्ण जेमतेम वीस. त्यातून निकषात न बसणारे आणि नातेवाइकांनी संमती नाकारलेले वजा करा. उरले बारा-चौदा, आणि डेटा कलेक्शनला महिनाच मिळालाय! शिवाय एथिक्स कमिटीचं पत्र कॉलेजचं वेगळं आणि हॉस्पिटलचं वेगळं लागू शकतं. दोन्हीकडे एकाच आठवड्यात अर्ज टाका. पायलट स्टडीतले (आधीच्या छोट्या चाचणी अभ्यासातले) रुग्ण मुख्य नमुन्यात धरू नका. गाईड विसरले तरी परीक्षक विसरत नाहीत.

रेसिडेन्सीसोबत बाहेर नाइट करून पगार चालू ठेवायचा बेत बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोसळतो. हप्ते असतील तर फीबरोबर दोन वर्षांच्या घरखर्चाचाही हिशोब आधी मांडा.

कॉलेज बघायला गेलात की इमारतीत फिरू नका, संलग्न हॉस्पिटलच्या आयसीयूत जा. व्हेंटिलेटरचे बेड किती, मेडिकल प्रिसेप्टर (बेडजवळ शिकवणारे डॉक्टर) कोण, राउंडला विद्यार्थी केस मांडतात की नुसते मागे उभे राहतात, हे विचारा. जमलं तर सीनियरची लॉगबुक (केलेल्या कामाची, सह्यांसह नोंदवही) मागून घ्या. दोन महिन्यांच्या सह्या एकाच पेनने, एकाच दिवशी केलेल्या दिसल्या, तर दुसरं कॉलेज बघा.