नीव्ह, ईफा, कीव्हा आणि गबनित: आयर्लंडमधल्या मुलींची नावं

पुण्यातल्या एका मैत्रिणीला बाळ होणारे आणि तिला नाव हवंय "काहीतरी गेलिक टाइप, अर्थासकट". व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करत गेले तर संपेचना, म्हणून इथेच लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे इथे आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये नुसतं 'गेलिक' म्हटलं की समोरच्याला फुटबॉल आठवतो, तो हातानेही खेळतात ना तो. भाषेला इथले लोक आयरिश म्हणतात. स्कॉटलंडवाल्यांची ती गॅलिक, ती याच भाषेची बहीण, पण तिथली नावं वेगळ्या वळणाने गेलीत, त्यावर पुढे दोन ओळी लिहिते.

दुसरं म्हणजे अर्थ. नेटवर याद्या आहेत ढिगाने, आणि प्रत्येक नावापुढे तेजस्वी, सुंदर, सौम्य, राजकन्या. नीव्ह म्हणजे तेजस्वी, ईफा म्हणजे पण साधारण तेच, कीव्हा म्हणजे सौम्य, प्रेमळ. खोटं काहीच नाही त्यात, पण कळतही काही नाही. इथल्या बायकांना तुमच्या नावाचा अर्थ काय असं विचारा, बऱ्याच जणी खांदे उडवतात, "आजीचं नाव होतं" एवढंच सांगतात. माझं मत विचाराल तर अर्थापेक्षा ते नाव कुणी कुणी वापरलं आणि कुणी कसं लिहून ठेवलं त्यातच खरी गंमत आहे.

आता स्पेलिंग, कारण सगळ्यांची विकेट तिथे पडते. नीव्ह लिहितात एन-आय-ए-एम-एच. कीव्हा लिहितात सी-ए-ओ-आय-एम-एच-ई. आपण मराठी माणसं तर अजूनच घोळात, कारण आपल्याला बी-एच दिसला की भ वाचायची सवय, आणि शव्हॉनच्या स्पेलिंगमध्ये बी-एच आहे, मग सिओभान वाचून मोकळे. पण ही भाषा इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे हो, नियम आहेत आणि ते पाळतात. त्यांच्या जुन्या वर्णमालेत अठराच अक्षरं, व्ही नाहीच, मग व्ह साठी बी-एच किंवा एम-एच. एफ-एच आला तर तो चक्क मुका, म्हणून ऑर्लाच्या जुन्या स्पेलिंगमध्ये मधेच एफ-एच बसलाय आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. एस ला ई किंवा आय चिकटला की श. आणि ए-ओ-आय दिसलं की ई म्हणायचं. एवढं आलं की अर्धी नावं वाचता येतात. सरावाला एक ओळखीचा शब्द देते. मालवणजवळच्या वराड गावचं मूळ असलेले लिओ वराडकर इथे पंतप्रधान होते, त्या पदाला टीशख म्हणतात आणि लिहितात टी-ए-ओ-आय-एस-ई-ए-सी-एच. बघा, आत्ताच सांगितलेले दोन नियम त्यात आहेत. पूर्वीच्या छपाईत हे सगळे एच नव्हतेच म्हणे, अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचे, रोमन टाइप आला तेव्हा टिंब गेलं आणि एच आला, आणि जगाला वाटायला लागलं की या लोकांना स्पेलिंग येत नाही.

नावांच्या बाबतीत सगळ्यात जुनी म्हणजे ब्रिजिड. आधी देवी, मग किल्डेअरची संत, का दोन्ही एकच, यावर इथले विद्वान अजून भांडतात. हिचा अर्थ मात्र मला आवडतो, 'उंच, थोर', आणि आपल्या संस्कृतमधल्या बृहतीची ही सख्खी बहीण, मूळ एकच. 1 फेब्रुवारी हा तिचा दिवस, शाळेत पोरं लव्हाळ्याचे क्रॉस विणून घरी आणतात, आणि 2023 पासून तिच्या नावाने सरकारी सुट्टी पण सुरू झाली. पण मधल्या काळात या नावाचे वाईट दिवस आले होते. एकोणिसाव्या शतकात इतक्या आयरिश मुली अमेरिकेत घरकामाला गेल्या की तिथे मोलकरणीला सरसकट 'बिडी' म्हणायला लागले, आणि बिडी म्हणजे ब्रिजिडच. मग कोण ठेवणार ते नाव. माझ्या शेजारच्या आजी ब्रायडी आहेत, म्हणजे तेच, त्यांच्या मुलींपैकी एकीचंही नाव ब्रिजिड नाही.

मेरीचं तर अजून वेगळं. येशूच्या आईचं नाव आयरिशमध्ये मुर्रा, ते तिच्यासाठी राखीव, मुलीला तसं थेट ठेवत नाहीत, मुलीचं होतं मॉर्या. म्हणजे एका नावाची दोन रूपं, एक देव्हाऱ्यातलं आणि एक घरातलं.

आणि जी नावं आपल्याला अगदी अस्सल आयरिश वाटतात ना, शव्हॉन, शिनेड, ती मुळात आयरिश नाहीतच! 1169 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले, त्यांच्या बायकांची फ्रेंच नावं इथल्या जिभेवर बसली, जेहान ची शव्हॉन झाली, जेनेट ची शिनेड. सिसिलिया ची झाली शीला. हो, शीलाच! एस-आय-एल-ई लिहितात, आयवर तिरकी रेघ. आपल्या शीलाशी काहीही संबंध नाही, पण इथल्या शीला आजींना आपली शीला मावशी भेटली तर दोघींना स्पेलिंग सांगायची गरज नाही.

मग इंग्रजांचं राज्य, आणि इथे मला खरंच राग येतो. 1831 पासून सरकारी शाळा इंग्रजीत, 1864 पासून जन्माची सक्तीची नोंद, आणि रजिस्टरमध्ये इंग्रजी नाव. घरी ग्रॉन्या, कागदावर ग्रेस. घरी साय्व्ह, कागदावर सॅली किंवा साबिना. अर्थ जुळतो का, आवाज जुळतो का, फारसा विचार नाही, जे जवळचं वाटलं ते लिहिलं. आज ज्यांना आपल्या पणजीचा शोध घ्यायचा असतो ते लोक या रजिस्टरांपुढे डोकं धरून बसतात.

यातलं माझं सगळ्यात लाडकं नाव म्हणजे गबनित. कानाला जरा राकट आहे, मान्य. ही संत आमच्या कॉर्कमधलीच, किलार्नीच्या रस्त्यावर बॅलीव्हॉर्नी नावाचं गाव लागतं, आयरिश बोलणाऱ्या लोकांचा पट्टा आहे तो. ही मधमाश्यांची संत. गोष्ट अशी सांगतात की चोर गुरं हाकून न्यायला आले तेव्हा तिने त्यांच्यावर मधमाश्या सोडल्या. तिचा पुतळा पण मधमाश्यांसकट आहे. 11 फेब्रुवारीला तिचा दिवस, तेव्हा चर्चमध्ये तिची एक मध्ययुगीन लाकडी मूर्ती बाहेर काढतात, बुटकीशी, झिजून चेहरा गुळगुळीत झालेला, आणि बायका घरून रिबिनी घेऊन येतात. रिबीन मूर्तीच्या उंचीइतकी लांबीने मापायची, मग तिच्याभोवती गुंडाळायची, आणि ती घरी जपून ठेवायची. कुणाचा घसा धरला, डोकं दुखलं की बांधायची. याला गबनितचं माप म्हणतात. तर एवढ्या मोठ्या बाईचं नाव रजिस्टरमध्ये काय लिहायचे, ॲबिगेल! नाहीतर डेबोरा, आणि हे दुसरं निदान समजू तरी शकतं, कारण हिब्रूत डेबोरा म्हणजे मधमाशी. कुठल्यातरी पाद्र्याला हिब्रू येत असणार, दुसरं काय.

ग्रॉन्या म्हटलं की इथे सगळ्यांना मेयोच्या किनाऱ्यावरची ग्रॉन्या वेल आठवते, इंग्रजीत ग्रेस ओमॅली, जन्म 1530 च्या आसपास. गलबतांची मालकीण, इंग्रजांच्या भाषेत चाचीण. 1593 मध्ये मुलाला आणि भावाला कैदेतून सोडवायला ही थेट ग्रीनिचला एलिझाबेथ राणीपुढे जाऊन उभी राहिली. गंमत म्हणजे त्या काळच्या आयरिश बखरींत तिचा उल्लेखच नाही, तिची माहिती मिळते ती शत्रूच्या दफ्तरात.

आडनावात पण मुलीची वेगळी सोय आहे. मुलगा ओ ब्रियान असेल तर बहीण नी व्रियान, आणि त्या घरची सून ई व्रियान. म्हणजे आडनावावरूनच कळणार की बाई माहेरच्या नावाने वावरतेय की सासरच्या. एन्या माहितीये ना, गायिका? ती डोनेगालची एथ्ना नी व्रिनॉन. जगाला वाचता येईल असं स्पेलिंग केलं, झाली एन्या. काही जणांना हे आवडत नाही, मला तर त्यात काही वावगं दिसत नाही.

आणि मराठी माणसाला पटकन कळेल अशी गोष्ट, संबोधन! आपण कसं सीता ला "अगं सीते" म्हणतो, तसं हे लोक हाक मारताना नावाची सुरुवात बदलतात. कीव्हा ला हाक मारायची तर "अ खीव्हा", मॉर्या असेल तर "अ वॉर्या". इंग्रजांना हे समजावताना आयरिश टीचर दमतात, आपल्याला शाळेतच विभक्ती घोकून घेतलेली असते. स्कॉटलंडमध्ये तर ही हाकच नाव होऊन बसली, मारीला "अ वारी" म्हणायचे, आणि आता तिथे वारी नावाच्या बायका आहेत. पंढरपूरवाल्यांनी नोंद घ्यावी.

सध्या फॅशन जुन्याची आणि नवीन-जुन्याची मिक्स. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य, हे जुन्या पोथ्यांत नाव म्हणून मिळत नाही, देश स्वतंत्र झाल्यावर गेल्या शतकात आलेलं आहे. ॲक्ट्रेस आहे ना सीर्शा रोनन, ती स्वतः सर्शा म्हणते, म्हणजे एका नावात पण दोन पंथ. आणि फीआ, एफ-आय-ए-डी-एच, म्हणजे रानटी, मोकाट, शिवाय हरीण. 2021 मध्ये देशात मुलींच्या नावांत हे पहिल्या नंबरवर होतं. ब्रायडी आजींच्या पणतीचं नाव फीआ आहे. आजी म्हणाल्या, आमच्या वेळी पोरगी मोकाट होऊ नये म्हणून नवस करायचे, आता नावच ठेवतात.

असो, मैत्रिणीसाठी माझी लिस्ट. तारा सगळ्यात सेफ, इथे ते मीथमधल्या तारा टेकडीवरून येतं, जिथे जुन्या आयर्लंडचे राजाधिराज बसायचे, आणि आपली तारा तर आहेच, दोन्हीकडच्या आज्या खूश. आन्या पण चालेल, लिमरिककडची देवी आहे, नुसतं स्पेलिंग विचारू नका.

पण मला विचारशील तर मेव्ह. जुन्या दंतकथांतली, पश्चिमेकडच्या कॉनॉटची राणी, एका रात्री नवऱ्याबरोबर बिछान्यात पडून वाद की दोघांत श्रीमंत कोण. भांडी मोजली, दागिने मोजले, मेंढ्या, घोडे, डुकरं, सगळं बरोबरीत, फक्त एक पांढऱ्या शिंगांचा बैल नवऱ्याकडे जास्त. आणि तो बैल जन्मला होता हिच्याच कळपात, पण बाईची मालकी नको म्हणून नवऱ्याच्या कळपात गेलेला! मग तिने तोडीस तोड बैल मिळवायला उत्तरेकडच्या अल्स्टरवर स्वारीच केली. स्लायगोत नॉकनारे डोंगरावर दगडांचा प्रचंड ढीग आहे, त्यात ती शत्रूकडे तोंड करून उभी पुरलीये म्हणतात. 1977 पासून काही वर्षं एक पाउंडाच्या नोटेवर पण होती. नावाचा अर्थ झिंग आणणारी, आपल्या मधु आणि मधाच्याच मुळातून आलेला.

हे सगळं मैत्रिणीला फोनवर सांगितलं, ती एकदम तयार. तिच्या सासूबाई स्पीकरवर ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "मेव्ह? आणि दुसरी झाली की तिचं नाव मेव्हणी का?"