तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीने कुठलं लॉ स्कूल घ्यावं?

न्यू जर्सीत वकिली करतो म्हणून मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मला हा प्रश्न ठरलेला. "दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक रँकिंगमध्ये वर, दुसरं स्कॉलरशिप देतंय. काय करू?"

मी म्हणतो, आधी स्कॉलरशिपचं पत्र दाखवा. त्यात खाली कुठेतरी 'जीपीए 3.0च्या खाली गेल्यास स्कॉलरशिप रद्द' असं असलं तर सावध व्हा. जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी, आणि पहिल्या वर्षाचे ग्रेड बहुतेक ठिकाणी कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, मिळतात. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी कुणीतरी खाली राहणारच, आणि हे लॉ स्कूलला पक्कं ठाऊक असतं. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाने प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला '509 रिपोर्ट' जाहीर करावा लागतो. त्यात सशर्त स्कॉलरशिप किती जणांना दिली आणि त्यातल्या किती जणांची कापली किंवा गेली, हे छापलेलं असतं. पालक तिथवर पोचतच नाहीत.

पैशाचं गणित आता आणखी अवघड झालंय. जुलै 2026पासून नव्या विद्यार्थ्यांना 'ग्रॅड प्लस' हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद. बाकीचं सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त 50,000 डॉलर. नामांकित खाजगी लॉ स्कूलची नुसती ट्यूशनच 70,000च्या पुढे. एच-4वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांना तर सरकारी कर्जही नाही.

बार, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, पास होण्याचा आकडा नुसता बघू नका, त्या राज्याच्या सरासरीशेजारी ठेवून बघा. कॅलिफोर्नियाचा पेपर कुप्रसिद्ध; उलट विस्कॉन्सिनमध्ये तिथल्याच दोन लॉ स्कूलच्या पदवीधरांना परीक्षाच माफ. पहिल्या वर्षानंतर किती मुलं गळली तेही पाहा. कच्ची मुलं आधीच बाहेर पडली की निकाल आपोआप चकचकीत दिसतो.

रँकिंग? मोठ्या फर्ममध्येच जायचं असेल तर यादीतल्या पहिल्या चौदा लॉ स्कूलचं वजन आहे, नाकारत नाही. येल आणि हार्वर्डने 2022मध्ये ही यादी काढणाऱ्या यूएस न्यूजला माहिती देणं थांबवलं, तरी त्यांचा दबदबा तसूभर कमी झाला नाही. पण लॉ स्कूल यादीत तिसाव्या नंबरच्या आसपासचं की पन्नासाव्या, याने इथल्या कोर्टात कुणाला फरक पडत नाही. जर्सीतच राहायचं असेल तर रटगर्स हे इथलं सरकारी विद्यापीठ, इथल्या रहिवाशांच्या फीमध्ये, मला तरी बरं वाटतं.

आणि भाव करा हो! भाजीवाल्याकडे कोथिंबिरीसाठी अडून बसणारे आपण इथे मात्र गप्प. दुसऱ्या लॉ स्कूलचं पत्र जोडून, डिपॉझिटच्या तारखेआधी, मुलीनेच ई-मेल करावी. रक्कम वाढवत नसतील तर निदान ती जीपीएची अट काढायला सांगा.