वाहाकाच्या मंडईत 'आंबे कसे दिले?'

तीन महिने मोबाइलवर स्पॅनिश घोकून मेक्सिकोला गेलो होतो. 'क्वांतो क्वेस्ता?', म्हणजे किंमत किती, हे झोपेतही म्हटलं असतं. पण वाहाकाच्या बेनितो हुआरेस मंडईत कुणी तसं विचारतच नव्हतं! पुढ्यातल्या आजीबाई म्हणाल्या, "आ कोमो लोस मांगोस?" कोमो म्हणजे कसं. आंबे कसे? अहो, हे तर आपलं 'कसे दिले?' भाव रोज खालीवर होतो त्या मालाला तिथेही 'कसे'च विचारतात. मोबाइलने तीन महिन्यांत हे एकदाही सांगितलं नव्हतं.

"पासेले, ग्वेरो!" पलीकडून हाक आली. या, गोरेराव! गिऱ्हाईक कोणत्याही रंगाचं असो, हाक हीच. आमच्या घरात मला आजवर कुणी गोरा म्हटलेलं नाही, त्यामुळे मुकाट्याने गेलो.

तिथे केसियो होतं, लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं चीज. पाव किलो मागितलं, "उन क्वार्तो." स्पॅनिश आकडे तसे सरळ: एकतीस म्हणजे 'त्रेइंता इ उनो', तीस आणि एक. एकोणसाठ-एकोणसत्तरचा छळ नाही. पण 60 म्हणजे सेसेंता आणि 70 म्हणजे सेतेंता! मी 60 पेसो मोजून दिले. बाई म्हणाल्या, "सेतेंता." मी म्हटलं, "सि, सेसेंता." असं तीनदा झालं. शेवटी त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्या नाकासमोर धरला.

वरचे दहा द्यायला सुट्टे नव्हते, म्हणून निळी नोट काढली. 2018 साली आलेली 500 ची नोट निळी, तिच्यावर बेनितो हुआरेस, याच प्रांतातले, सापोतेक या तिथल्या आदिवासी समाजातले, एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष. जुनी 20 ची नोटही निळीच आणि तिच्यावरही हुआरेसच. मी 20 ची समजून 500 ची पुढे केली होती. बाईंनी ती परत सरकवली, "नो तिएने मास चिको?" याहून लहान नाही का? खिसे चाचपून दहाचं नाणं काढलं.

निघताना आजीबाईंचा सौदा पुन्हा कानावर पडला. आंबे तोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "इ मि पिलोन?" विक्रेत्याने हसत एक छोटा आंबा पिशवीत टाकला. पिलोन म्हणजे वरचं, आपली फुकटची कोथिंबीर.

दुसऱ्या दिवशी लिंबं घेतली. "आ कोमो?" विचारलं, पैसे दिले आणि पिलोन मागितलं. एक लिंबू जास्त मिळालं, तेही किडकं.