व्हायरल रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि आमचं घोडं तिथेच अडलं

मुलीची सर्दी गेली, ताप गेला, ओला खोकला मात्र मुक्कामालाच राहिला. सिरप झालं, इनहेलर झाला, एक्स-रे नॉर्मल आला (शेवटी निदान झालं त्या प्रोट्रॅक्टेड बॅक्टेरियल ब्राँकायटिसमध्ये, म्हणजे श्वासनलिकांतल्या बॅक्टेरियामुळे लांबलेल्या ओल्या खोकल्यात, तो नॉर्मल येऊ शकतो). मग कोणीतरी नाकातल्या स्वॅबचं व्हायरल पॅनल (कोणता व्हायरस आहे ते बघणारी तपासणी) करायला सांगितलं आणि खरा वैताग तिथून सुरू झाला.

रिपोर्ट आला, ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीचा व्हायरस, पॉझिटिव्ह. झालं! ज्याला दाखवावं तो कागद बघून म्हणणार, व्हायरल आहे, जाईल आपोआप. अहो पण चार आठवडे कधीच उलटून गेले! रात्री कूस बदलली की छातीत खरखर, सकाळी उठल्या उठल्या खोकून चेहरा लाल, आणि वर विचारणार की कफाचा रंग कसा आहे. एवढी लहान मुलं कफ थुंकतात का, गिळून टाकतात, रंग काय सांगणार कपाळ! ओपीडीत नेलं की बाईसाहेब हसतखेळत, खोकला गायब. म्हणून सकाळच्या खोकल्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, आवाज नीट येऊ द्या, आमचं काम त्यानेच झालं.

लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरांनी आधी तो व्हिडिओ ऐकला, कागद नंतर. म्हणाले, हा व्हायरस पीसीआरमध्ये (स्वॅबच्या याच तपासणीत) कित्येक आठवडे दिसू शकतो, ठणठणीत मुलांतही सापडतो, त्यावरून बॅक्टेरिया नाहीत असं कसं म्हणणार? व्हायरस श्वासनलिकेतले बारीक केस खराब करतो, ते कफ वर ढकलायचे बंद होतात, आणि नाका-घशात एरवी गपगुमान राहणारे हिमोफिलस, न्यूमोकोकस, मोराक्सेला हे बॅक्टेरिया खाली उतरून त्या कफात ठाण मांडतात. १८९२ मध्ये फायफर या जर्मन डॉक्टरला फ्लूच्या पेशंटांत हिमोफिलस सापडला आणि फ्लू त्यानेच होतो असं कितीतरी वर्षं मानलं गेलं, माणसातला फ्लूचा व्हायरस सापडला थेट १९३३ मध्ये. म्हणजे व्हायरस आणि बॅक्टेरियाची ही जोडगोळी जुनीच. तरी आम्हाला प्रत्येक जण हे का ते, एकच काय ते सांगा म्हणत होता.

निदान झालं प्रोट्रॅक्टेड बॅक्टेरियल ब्राँकायटिस. दोन आठवडे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलनेट हे अँटिबायोटिक, आणि खोकला खरंच गेला, मला तर रात्री शांतता ऐकून जाग यायची. कोर्स मधेच सोडू नका, काहींना चार आठवडेही लागतो. पण म्हणून साध्या सर्दीला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक चालू करू नका प्लीज, कोरड्या खोकल्याची तर गोष्टच वेगळी.

राहिलंच, प्रत्येक वेळी खोकला कधी सुरू झाला, कधी थांबला त्या तारखा लिहून ठेवा. हे परत परत व्हायला लागलं तर ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन खराब होणं) होतोय का ते बघावं लागतं, आणि तेव्हा तोंडी हिशोब कोणी ऐकून घेत नाही. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती बंदच. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस घेतली आहे, ऱ्हायनोव्हायरसला लसच नाही, त्यामुळे पुढची सर्दी येणारच.